स्टोव्हच्या पिनेएवढं भोक

पहिल्या बाळंतपणासाठी मी सांगलीहून माहेरी आले तेव्हा सातवा महिना संपत आला होता. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाक हे दोन्ही नवऱ्याच्या स्वाधीन करून मी लोणंदला उतरले. आबा बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते. गाडीत कडब्यावर दोन वाकळा अंथरल्या होत्या. घरापर्यंत ते एकच वाक्य बोलले, "दणका बसला तर सांग."

माझे वडील मुळातच मोजकं बोलणारे. फौजेत हवालदार होते, नव्या पोरांना नेमबाजी शिकवायचे. पेन्शनीत आल्यावर उसात रमले, पण हात शिवशिवायचे म्हणून त्यांनी छर्‍याची बंदूक घेतली. पाखरावर ती कधी चालवली नाही. "जिवावर धरायची न्हाई," म्हणायचे. परड्यातल्या बाभळीला तुपाच्या डब्याचं झाकण टांगलेलं असायचं, संध्याकाळी धारा झाल्या की त्यावर नेम. मी शाळेत असताना मलाही त्यांनी शिकवलं. पोरीच्या हातात बंदूक कशाला, असं भावकीत कुणी म्हणालं तर ते म्हणत, "हाताला काय ठावं, तो पोराचा का पोरीचा." आमचं बापलेकीचं सगळं बोलणं त्या परड्यातच व्हायचं. कोपर आत घे. श्वास अर्धा सोड. आता थांब. चाप ओढू नगंस, दाब. एवढंच. पण त्यात सगळं असायचं.

या खेपेला बंदूक खुंटीला होती आणि तिच्यावर धूळ होती.

"आबा, नेम नाही धरत?"

"माशी हललीया तिची. बिघडली हाय."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारीक खुंट. मागच्या खाचेतून ती बघायची आणि तिच्या टोकावर निशाण बसवायचं. आबा रानात गेल्यावर मी बंदूक काढून पाहिली. माशी जागच्या जागी होती, खाचही सरळ होती. आईला विचारलं तर ती चुलीपुढून न वळता म्हणाली, "दिवाळीपास्नं झाकण वाजलंच न्हाई. छर्रा बाभळीत जातुया. मग त्यांनी बंदूकच वर टांगली."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बिघडले होते ते आबांचे डोळे. लांबचं झाकण त्यांना लख्ख दिसत होतं, पण हातभर अंतरावरची माशी पुसट झाली होती. हे त्यांना कोण सांगणार? ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नजर तयार केली, त्यांना?

दोनेक दिवसांनी ते बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरं वाचत होते. चष्मा घरात नव्हताच. त्यांनी मूठ वळली, बोटांत बारीकशी फट ठेवली आणि त्या फटीतून वाचलं. अडखळले नाहीत. मी धान्य पाखडता पाखडता थांबले. बारीक भोकातून वाचता येत असेल, तर बारीक भोकातून माशीही दिसेल.

जुन्या डब्याचा पत्रा कातरीनं कापून मी रुपयाएवढी चकती केली आणि मधोमध दाभणानं भोक पाडलं. ते फार मोठं झालं. दुसऱ्या चकतीला शिवणाच्या सुईनं पाडलं, ते जरा बरं वाटलं. शेवटी स्टोव्हची पिन उपयोगी आली. तिसरीला त्या पिनेनं भोक पाडून कडा दगडावर घासल्या. पण माझे डोळे चांगले, त्यामुळे भोकातून बघून मला फरकच कळेना. म्हणून मी ती चकती आईकडे नेली.

"आई, हे डोळ्याला लावून बघ गं. काय दिसतंय?"

तिच्या पुढ्यात तांदळाचं सूप होतं. तिनं चकती डोळ्याला लावली, आधी स्वतःचा तळवा पाहिला, मग सुपात वाकली. दोन बोटांनी एक खडा उचलला, दुसरा उचलला.

"खडं हायत की गं यात," ती हळूच म्हणाली.

गेलं वर्षभर ती हातानं चाचपून तांदूळ निवडत होती. कुणाला बोलली नव्हती. आणि आबा खडे दाताखाली आले तरी बोलले नव्हते. मी आल्यापासून मलाही दोन-तीनदा लागले होते, मला वाटलं तांदूळच तसला. मी तिच्याजवळ बसून राहिले. तिनं सगळं सूप निवडून होईपर्यंत चकती डोळ्यापासून हलवली नाही.

ती चकती तिच्याकडेच राहिली. काळ्या दोऱ्यात ओवून तिनं गळ्यात घातली. आबांसाठी मी तशीच दुसरी केली, तिला पत्र्याचा पाय ठेवला आणि काटकोनात वाकवला. संध्याकाळी धारा झाल्यावर ती आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी त्यांच्यापुढे ठेवली.

"ह्ये काय?"

"मागच्या खाचेऐवजी. डोळ्याजवळ बसवायचं."

त्यांनी चकती उजेडाकडे धरली. माझ्याकडे पाहिलं. मला काय कळलंय ते त्यांना कळलं, आणि मी मान खाली घातली.

"नव्या रायफलीला असंच भोक असतंय म्हणं," ते म्हणाले. "आमच्या वक्ताला खाच हुती." मग उठून पेचकस आणला आणि बंदुकीची जुनी खाच स्वतःच्या हातानं सोडवली.

आम्ही दोघांनी चकती रबरानं आवळली. माशीच्या टोकाला त्यांनी चंचीतला चुना बोटानं लावला. पहिल्या छर्‍याला धक्क्यानं चकतीच फिरली. मग तांब्याच्या तारेनं वेढे दिले. पुढचे छर्रे झाकणाच्या खाली जात होते, म्हणून चकतीच्या पायाखाली काडेपेटीची काडी सारून ती उचलली. मी बंदुकीला हात लावायला गेले की आई दारातून ओरडायची, "तू न्हाई हं, पोटुशी हायस." मी काड्या देत राहिले.

दिवस बुडायला आला तेव्हा झाकण वाजलं. ठण. आबा तसेच गुडघ्यावर बसून राहिले. परत नळी खाली वाकवली, छर्रा घातला. ठण. माझ्याकडे न बघता म्हणाले, "श्वास अर्धा सोडला व्हता म्या."

"बघितलं मी," म्हटलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या आळीतले एक निवृत्त सुभेदार आले, त्यांनाही माशी दिसत नव्हती. आबांनी त्यांच्या डोळ्याच्या बेतानं वेगळी चकती केली, माझ्यापेक्षा किती तरी नीट. मग संध्याकाळी परड्यात दोघं म्हातारे आळीपाळीनं गुडघ्यावर बसत, आणि उठताना एकमेकांना हात देत.

मुलगी झाली. तिला तीन महिने झाल्यावर आबा-आई मला सांगलीला पोचवायला आले. चकत्या काही कायमच्या पुरायच्या नाहीत, म्हणून मी दोघांनाही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आबा आधी नको म्हणाले, मग आईला सोबत म्हणून आले.

चष्मे आले त्या दिवशी आईनं सगळ्यात आधी नातीला उचललं. तिच्या पापण्या, कानामागची लव, बोटांची नखं असं एकेक निरखत राहिली. मग मान वर करून अगदी जवळ बसलेल्या आबांकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"आवं," ती म्हणाली, "तुमी लय म्हातारं झालायसा की."

आबांनी नवा चष्मा नाकावर सारखा केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू न्हाई झालीस," ते म्हणाले.