ताज्या मोहाचा माठ

फोन कानाजवळ आण, सुमे पोरी. काऊन नुसती "हाव, हाव" म्हणतेस? आज अंगणात मोहफुलांचा वास आला अन् मले सोनाळ्याचं माहेर आठवलं.

वरवटहून पाहुणे मले पाहाले आले होते. दारूबंदी होती, तरी मायनं दारूसाठी मोह भिजू घातला होता, न वाळवता, ताजाच. तो लवकर फसफसतो. माठ उतू जाऊन फेस पाहुण्यांच्या पायापाशी आला. मी शरमेनं मान वर केली नाही. होणारी सासू मात्र हसली, "वाळवून घालत जा वं, विहीणबाई. आमचा माठ नाही उतू जात."

सोयरीक जमली. पण लग्नात माय मांडवाबाहेरच बसली. "माह्या अंगाले मोहाचा वास येते," म्हणाली. मी तिले आत बोलावलं नाही. आता तोच वास हुंगत बसते अन् माही मले लाज वाटते.

अजून फुलं गळून राह्यली हायेत, तोवर येऊन जा.