आधी आपली चूक

रघुजींना सगळे अण्णा म्हणत. बंगळुरातल्या चामराजपेटचे, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. हवाई दलात लढाऊ विमानं उडवून निवृत्त झालेले. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कंपनीत ते नव्या वैमानिकांना सिम्युलेटरवर हवाई झुंज शिकवायचे. ते यंत्र मी चालवते.

"चीड आली की नजर अरुंद होते," ते सांगत. "समोरच्यावर रागवायचं नाही. रागाच्या भरात त्याला तुम्ही स्वल्प, क्षणभर विसरलात तरी तो तुम्हाला विसरत नाही."

झुंज संपली की चर्चेच्या खोलीचं दार बंद व्हायचं. तिथे लहानमोठं कोणी नाही. आधी आपली चूक सांगायची, आणि ती बाहेर न्यायची नाही. सुरुवात अण्णांचीच. जूनमध्ये एकदा ते म्हणाले, "आज चार सेकंद समोरचा मला दिसलाच नाही. वय झालं बाबा." आम्ही हसलो. आमचा विभागप्रमुख अभिमन्यूही हसला. त्याला अण्णांनीच शिकवलं, इथे आणलंही त्यांनीच. अण्णांच्या बायकोच्या, सकवारबाईंच्या हातचं तो वर्षानुवर्षं जेवलाय.

तीन आठवड्यांनी अण्णांना पत्र आलं. करार वाढवणार नाही; कारण, 'स्वतः कबूल केल्याप्रमाणे नजर मंदावली आहे'. खाली अभिमन्यूची सही. केसाने गळा कापला त्याने, आणि हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन.

अण्णा त्याच्या केबिनमध्ये गेले. मी दारातच होते.

"ते खोलीत बोललो होतो रे मी."

"सुरक्षेचा प्रश्न आहे, अण्णा. लपवू कसं?"

"मला येऊन सांगायचंस. मीच सोडलं असतं."

अभिमन्यू लॅपटॉपमध्ये बघत राहिला. "सरी," एवढंच कन्नडमधलं 'ठीक' म्हणून अण्णा बाहेर आले.

पत्रातलं कारण तोवर सगळ्या तुकडीला कळलं होतं. शेवटच्या दिवशी त्यांची झुंज भव्याशी होती. तुकडीतली सगळ्यांत हुशार मुलगी. एका वळणात तिने अण्णांना हरवलं, म्हणजे नजरेतून. पूर्ण नऊ सेकंद ते तिच्या मागे होते आणि ती भलतीकडेच शोधत होती. माझ्या पडद्यावर सगळं दिसत होतं.

दार बंद झालं. अण्णांनी आपली चूक सांगितली. मग विचारलं, "भव्या, तुझी?"

भव्याने अभिमन्यूकडे पाहिलं. "काही नाही, अण्णा. सगळं ठीक होतं."

पत्र वाचताना न उतरलेला अण्णांचा चेहरा आता उतरला. ते उठले आणि त्यांनीच दार उघडलं.