गोदाक्कांची जीप आणि पाच विटा

गोदाक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चिखलात रुतलेल्या जीपमध्ये बसून पेरू खात होत्या. जीप एका अंगावर कलली होती, तिची मागची दोन्ही चाकं दिसेनाशी झाली होती, आणि ही बुटकी, ठेंगणी बाई, साडीवर खाकी कोट चढवून, शेजारच्या बागेतला पेरू अगदी सावकाश संपवत होती. मी रविवारचा सायकल घेऊन व्हाइटफील्डकडे निघालो होतो. थांबलो, चार बाजूंनी पाहिलं आणि मराठीतच स्वतःशी पुटपुटलो, "पहिल्या गिअरमध्ये हळू काढायला हवी होती."

"पुण्याचे का हो तुम्ही?" जीपमधून आवाज आला.

"हो. कसं ओळखलंत?"

"सल्ला आधी आला न्हवं! तो मागनं द्या. आधी ढकला."

मी ढकललं. जीप निघाली, आणि तिच्या चाकांनी उडवलेला सगळा चिखल माझ्या पांढऱ्या शर्टावर आला. गोदाक्कांनी मागे वळून पाहिलं, राहिलेला अर्धा पेरू माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सरी, ठीक हाय. आता सांगा, काय सांगायलता ते."

ही पन्नास-साठच्या दशकातली गोष्ट. मी पुण्याहून बंगलोरला एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरीला आलो होतो. डॉक्टर गोदावरी शिंत्रे मूळच्या निपाणीच्या. लग्न केलेलं नव्हतं. के. आर. पुरमला त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता, आणि आठवड्यातून तीन दिवस त्या लष्कराच्या मोडीतून आलेली ती जीप घेऊन तळ्यांच्या पलीकडच्या खेड्यांत जायच्या. बाळंतपणं, खरूज, हिवताप, जे समोर येईल ते. कानडी, मराठी, तेलुगू अशा तिन्ही भाषा त्या एकाच वाक्यात बोलत आणि तिन्ही भाषांतली माणसं समाधानानं माना हलवत. सगळं जग त्यांना अक्का म्हणे. मला त्यांनी दुसऱ्या भेटीत 'अरे' केलं आणि 'पुणेकर' हे नाव दिलं. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

जीप त्यांच्या लेखी पेशंटच होती. रोज सकाळी निघण्यापूर्वी त्या गुडघे तपासायच्या रबरी हातोडीनं चारी टायर वाजवून बघत, कान लावत, आणि निदान करत. "डाव्या पायात स्वल्प वारं कमी हाय." एकदा मागच्या स्प्रिंगचा पाटा कुरकुरत होता, तर म्हणाल्या, "हिला संधिवात धरलाय. तेल चोळा, आणि उपास घडवा." उपास म्हणजे त्या दिवशी जीपमध्ये फक्त एकच माणूस बसणार.

पण रुतण्यावर औषध सापडेना. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल असत की जीपची चाकं त्यात उतरली की मधल्या उंचवट्यावर तिचं पोट टेकायचं. मग चाकं गरगर फिरत आणि जीप जागची हलत नसे. एका पावसाळ्यात अशा चार खेपा फुकट गेल्यावर अक्कांनी जाहीर केलं, "हिची उंची वाढवायची."

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. त्यांच्या टेबलावर मी कागद पसरला आणि समजावून सांगू लागलो. उंची दोन तऱ्हांनी वाढते. खालचे पोलादी पाटे वाढवले तर जीपचं अंग वर जातं, पण दोन चाकं जोडणारा आस होता तिथेच राहतो. आस वर उचलायचा तर टायरच मोठे हवेत. अक्कांनी कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"म्हणजे साडी वर खोचली तरी घोटे चिखलातच. असंच न्हवं?"

"अगदी तसंच."

"आणि घोटे वर काढायचे तर खडावा घालायच्या. आणि उंच खडावा घालून साडी खाली सोडली, तर पायात येऊन आपटणार."

मोठे टायर घातले आणि पाटे तेवढेच ठेवले, तर वळताना टायर मडगार्डला घासतात, हे मी पुढच्या पानावर आकृतीसह काढून ठेवलं होतं. ते पान मी दाखवलंच नाही.

दोन्ही करायचं ठरलं. किती करायचं यावर मात्र युद्ध झालं. शिवाजीनगरचा दस्तगीर मिस्त्री अक्कांचा जुना भक्त. त्याची बायको अक्कांच्या हातून दोनदा बाळंतपणातून सुटली होती. त्यानं लष्करी ट्रकचे टायर शोधून ठेवले होते, एकेक माझ्या कमरेएवढा. "नक्को अक्का, छोटे पैये नक्को! हाथी के पावां लगातूं. कीचड सलाम करता!" मी गुरुत्वमध्याचं गणित मांडलं. गाडी जितकी उंच तितकी उलटायला सोपी, स्टिअरिंग जड होणार, ब्रेक उशिरा लागणार. अक्कांनी आम्हा दोघांना चहा पाजला, आणि मग मला घेऊन त्या चाकोऱ्या मोजायला गेल्या. मी छत्री उलटी धरून खोली मोजत होतो, त्या कोटाच्या खिशातल्या औषधाच्या चिठ्ठीवर आकडे लिहीत होत्या. सर्वात खोल चाकोरीचा आकडा दस्तगीरचीच बाजू घेणारा निघाला.

"सरी," अक्का म्हणाल्या, "हत्ती."

जीप वीतभर उंच होऊन आली. पहिल्याच दिवशी अक्कांना तिच्यात चढता येईना. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल सुतळीनं जीपला बांधलं, त्यावरून त्या वर गेल्या, आणि वरून माझ्याकडे पाहून इतक्या हसल्या की चष्मा खाली पडला. "पुणेकर, पहिल्यांदाच तुझं टक्कल दिसलं रे!" चिखलानं मात्र खरोखर सलाम केला. महिनाभर ती जीप कुठं म्हणता कुठं अडली नाही. दस्तगीर आठवड्यातून एकदा येऊन मिशीला पीळ देऊन जाई. मी गणिताचे कागद ड्रॉवरमध्ये टाकले.

मग तो रविवार आला. सकाळीच तळ्यापलीकडच्या गावातून माणूस धावत आला. रत्नम्मा नावाची पहिलटकरीण अडली होती. मी दवाखान्यातच होतो, मदतीला म्हणून जीपमध्ये चढलो. पाऊस रात्रभर कोसळून थांबला होता. पाणी, चिखल, चाकोऱ्या, सगळं तुडवत जीप थेट रत्नम्माच्या दारात जाऊन उभी राहिली. अक्का आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "मूल आडवं हाय. मोठ्या इस्पितळात न्यायला पायजे. आत्ता."

दोन बायकांच्या आधारानं रत्नम्मा बाहेर आली. स्टुलावर तिनं एक पाय ठेवला. दुसरा पाय जीपच्या फळीपर्यंत उचलेना. पुन्हा प्रयत्न केला, आणि कळ आली तशी ती ओरडून खालीच बसली. तिची सासू अक्कांकडे पाहून कानडीत म्हणाली, "ही गाडी देवाच्या रथासारखी उंच केलीत, तायी. आता माणसानं चढायचं कसं?"

अक्कांना गप्प झालेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. शेवटी घराचं दार उचकटून काढलं, जीपच्या मागे बैलगाडी लावली, आणि रत्नम्माला दारावर झोपवून आधी गाडीत, मग जीपमध्ये असं टप्प्याटप्प्यानं चढवलं. त्यात अर्धा तास गेला. तळ्याच्या बांधावर आलो, तर एका बाजूचा भराव खचलेला. जीप पाण्याकडे कलायला लागली.

"पुणेकर, बाहेर लटक!"

मी दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर उभा राहिलो, टपाची दांडी घट्ट धरली आणि अंग बाहेर झोकून दिलं. गुरुत्वमध्य कागदावर काढणं वेगळं आणि स्वतः तो होणं वेगळं. आत रत्नम्मा कण्हत होती, अक्का एका हातानं स्टिअरिंग फिरवत कानडीत तिच्याशी बोलत होत्या, "झालं गं बाई, स्वल्प, अजून स्वल्प." बांध संपेपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

दुपारी इस्पितळात मुलगी झाली. दोघी वाचल्या. "अर्धा तास आधी आणायला हवं होतं," असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते अक्कांनी मान खाली घालून ऐकलं. बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चिखलाचं माप घेतलं रे आपण. बाईचं माप घ्यायचं राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या ओसरीत विटांचा ढीग आला. तपासायला येणाऱ्या प्रत्येक गरोदर बाईला अक्का विटांवर चढायला लावत. तीन विटा, चार विटा, पाच. बायका हसून बेजार होत. एकीनं विचारलं, "अक्का, हे कसलं औषध?" अक्का म्हणाल्या, "तुझ्यासाठी न्हवं गं, जीपसाठी." भिंतीला हात टेकून पाच विटा बहुतेकींना जमत. सहाव्या विटेला सगळ्या नको म्हणत. म्हणजे पाच विटांवर एक पायरी आणि तिथून पाच विटांवर जीपची फळी. दहा विटांच्या वर जीपची फळी जाता कामा नये. हिशेब माझ्याकडे आला. टायर थोडेच मोठे, मागेपुढे एकेक जादा पाटा, आणि साखळीनं दुमडणारी लोखंडी पायरी. दस्तगीर सुरुवातीला रुसला. अक्कांनी त्याच्या बायकोला बोलावून विटांवर चढवलं. ती पाचव्या विटेवर थांबली आणि नवऱ्याकडे नुसतं बघत राहिली. टायर त्याच संध्याकाळी उतरले.

त्यानंतर जीप वर्षाकाठी दोन-तीनदा रुतायचीच. अक्का उतरून चार माणसं गोळा करत. "रुतली तर ढकलता येतं. चढता आलं नाही तर काय करायलास?" एवढंच म्हणत.

पुढे निपाणीला थोरल्या भावाला अर्धांगवायू झाला आणि अक्का चार दिवसांत आवरून निघून गेल्या. दवाखाना आणि जीप त्यांनी एका तरुण डॉक्टरच्या हवाली केली. आम्ही पत्रं लिहीत असू. त्यांच्या पत्रांत भावाची तब्येत एका ओळीत आणि जीपची चौकशी पानभर असे. साठच्या दशकाच्या अखेरीस एक पत्र त्यांच्या भाचीच्या अक्षरात आलं, तेव्हा ते फोडण्याआधीच अक्का गेल्याचं मला समजलं.

तरुण डॉक्टरला त्यांचा फोटो दवाखान्यात लावायचा होता. शोधाशोध केली, पण अक्कांनी कधी फोटो काढूनच घेतला नव्हता. शेवटी तो मला म्हणाला, "तुम्ही ड्रॉइंगवाले, तुम्हीच काढा." माझा हात यंत्रांच्या रेघांना सरावलेला. तरीही तीन रविवार घालवून मी एक चेहरा काढला. चष्मा, केसांचा छोटा अंबाडा, खाकी कोटाची कॉलर. चौकट करून भिंतीला लावला.

ओसरीत बसलेल्या एका म्हातारीनं तो बराच वेळ निरखला. मग मला विचारलं, "ही कोण?"

"गोदाक्का."

म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "हिचं तोंड बंद आहे की रे. अक्का कधी अशी होती?"

तिचं म्हणणं मला खोडता येईना. मी ते चित्र उतरवून घरी आणलं, आणि हे लिहायला बसलो.