कुसुमसाठी प्रार्थना

हे मी आजवर कुणापुढे उघडलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकसाहेबांना नाही, आणि खरं सांगायचं तर देवालाही नीट नाही — त्याच्यापुढे मी नेहमी ‘माझ्या हातून काही चुका झाल्या असतील तर’ असं म्हणून पुढे सरकते. असतील तर! बघा, कशी बाई आहे मी.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या आदल्या वर्षाची गोष्ट. आम्ही तेव्हा सुरतेत, उधन्याला राहायचो. हे डाइंग मिलमध्ये सुपरवायझर. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी लहानशी — पंचवीस-तीस घरं असतील. गुजराती मंडळीची सकाळची उपासना आटोपली की दुपारी त्यांचं देऊळ, म्हणजे चर्च, आम्हाला मिळायचं. आणि दर गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा माझ्या घरी. माझे वडील नगरकडे शाळामास्तर, रविवारी उपदेशही करायचे. शास्त्रातली वचनं मला लहानपणापासून तोंडपाठ. कुणाचं मूल आजारी पडलं, कुणाच्या नवऱ्याची नोकरी गेली, की निरोप यायचा — शालनबाईंना सांगा, त्यांची प्रार्थना पोचते. मला ते आवडायचं. नुसतं आवडायचं कशाला म्हणू? मी त्याच्यावर जगत होते.

मग कुसुम आली.

नंदुरबारकडची. नवरा लूमवर, आणि ही घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. दिवसभर तिच्या पदराला रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटलेले. नुकताच बाप्तिस्मा झालेला, अक्षर जेमतेम ओळखायची. पहिल्याच गुरुवारी तिला म्हटलं, करा हो दोन शब्द प्रार्थना. दया म्हणून म्हटलं मी! तिनं डोळे मिटले आणि घरच्या बोलीत एवढंच म्हणाली, “प्रभू, तू शेस ना इथं, मंग माले काय चिंता?” संपलं. एवढंच. आणि मी डोळे उघडून बघते तो सगळ्या बायका पदरानं डोळे पुसताहेत.

माझ्या प्रार्थनेला असं कुणी रडलं होतं का कधी? त्या दिवसापासून मी प्रार्थनेत एक डोळा किलकिला ठेवून बघायला लागले — माझ्या वेळी कोण डोळे पुसतं, तिच्या वेळी कोण. हसू नका. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि हे चालायचं.

बरं, तिचा राग यावा असं ती काही करायची का? तेच तर! सभा संपली की मी उठायच्या आत माझ्याच मोरीत बसून सगळ्यांच्या कपबशा विसळून टाकायची. शेजारच्या गल्लीत एका म्हातारीला क्षय होता, तिच्या सुनाही जवळ जात नव्हत्या. ही रोज जाऊन तिची वेणी घालायची. मी त्या म्हातारीसाठी चार गुरुवार प्रार्थना केली होती, फार सुंदर. वेणी घालायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. आणि कुसुम हे कुणाला सांगायचीही नाही, म्हातारीनंच सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सांगते, सांगते. वळसे घालतेय, कळतंय मला.

एकदा भर दुपारी ती एकटीच आली. तिच्या मुलीचं, लीलाचं, आमच्याच मंडळीतल्या सुलोचनाबाईंच्या मुलाशी जमत आलं होतं, पुढच्या महिन्यात साखरपुडा. मला वाटलं, त्याचंच काही असेल. ती खाली बसली आणि रडायला लागली. तिचा थोरला, प्रकाश. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ते असं, की तो बारडोलीला साखर कारखान्यात आहे. तो बारडोलीला नव्हताच. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात होता, तिथं हिऱ्यांची पुडी चोरताना सापडला, आणि तुरुंगात होता. ही महिन्यातून एकदा ‘बारडोलीला’ जायची ती त्याला भेटायला. म्हणाली, “बाई, साखरपुड्याआधी मी सुलोचनाबाईंना माझ्या तोंडानं सांगणार हाय. जरा हिंमत येऊ द्या. तंवर कुनाला बोलू नका.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि मनात काय आलं सांगू? सापडली! एवढंच आलं. सगळ्यांना रडवणारी ही बाई वर्षभर आपल्याशी खोटं बोलत होती. त्या संध्याकाळी मी कधी नव्हे ते गुणगुणत स्वयंपाक केला. ह्यांनी विचारलंसुद्धा, आज काय विशेष?

तरी मी बोलले नसते — असं मला वाटतं. पण त्याच रविवारी पाळकसाहेबांनी जाहीर केलं की यंदा बायकांच्या रविवारची — त्या दिवशी सगळी उपासना बायकाच चालवतात — मुख्य प्रार्थना कुसुमबाई करतील. अकरा वर्षं ती मी करत होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळ्यांच्या आधी.

मग गुरुवार आला. कुसुम माझ्या समोर, भिंतीला टेकून. सुलोचनाबाई माझ्या उजव्या हाताला. आमच्यात एक आहे — कुणी प्रार्थना करत असलं की मध्ये कुणी बोलत नाही. काहीही कानावर पडो, डोळे मिटलेले ठेवायचे आणि शेवटी आमेन म्हणायचं. प्रार्थना करणाऱ्याला अडवणं म्हणजे देवाशी चाललेलं बोलणं तोडणं. हे मला पुरेपूर ठाऊक होतं. मी डोळे मिटले, आवाज मऊ केला आणि म्हटलं — हे प्रेमळ पित्या, आमची भगिनी कुसुम हिचा मुलगा प्रकाश, जो चोरीच्या गुन्ह्यात तुरुंगात आहे, त्याच्यावर दया कर. आणि ज्या आईला ही गोष्ट लपवावी लागली, तिला क्षमा कर.

क्षमा कर, म्हटलं मी. मी!

तेवढ्यात मी एक डोळा उघडला. कुसुमचे डोळे मिटलेलेच होते. मांडीवरचे हात तिनं घट्ट धरले होते. मी संपवलं तेव्हा सगळ्यांबरोबर तिनंही आमेन म्हटलं.

चार दिवसांत लग्न मोडलं. मुलीचा भाऊ चोर म्हणून नव्हे, असं सुलोचनाबाई म्हणाल्या. आमच्यापासून लपवलं म्हणून. पाळकसाहेबांना संशय आला असावा. कुसुमला आणि मला समोर बसवून त्यांनी मला सरळ विचारलं, की हे तुम्हाला विश्वासात सांगितलं होतं का? आणि मी काही बोलायच्या आत कुसुम म्हणाली, “नाही साहेब. मीच म्हटलं व्हतं बाईंना, सगळ्यांसमोर प्रार्थना करा. माझ्या तोंडातून निघत नव्हतं.”

मी काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळतं. मलाही कळत होतं. मी मान हलवली. हो म्हणून.

का केलं तिनं असं? मला पुष्कळदा वाटतं, तिनं मला उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. निदान भांडता आलं असतं. पण खरी लाज याची, की त्या क्षणीसुद्धा मला आधी मत्सरच वाटला. म्हटलं, इथंही हीच माझ्या वर.

बायकांच्या रविवारी तिनं नाव मागे घेतलं. प्रार्थना मीच केली, विषय होता प्रीती. फार छान झाली, सगळे म्हणाले. पायऱ्यांवर कुसुमनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, छान झाली बाई. त्यात टोमणा आहे का म्हणून मी कितीतरी दिवस ते वाक्य उलटंपालटं करून पाहिलं. नव्हता.

लीलाचं पुढे लग्न झालंच नाही. दोनदा जमत आलं, दोनदा भावावरून मोडलं. कुसुमला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या अंत्यविधीला मला चार शब्द बोलायला सांगितलं होतं. मी तिच्या नम्रतेवर बोलले. हे सोडून सगळं बोलले.

आता माझे गुडघे चालत नाहीत. लीला दर रविवारी स्कूटरवर बसवून मला उपासनेला नेते, पायऱ्या चढताना दंडाला धरते, मावशी म्हणते. तिला वाटतं, तिच्या भावाचं नाव सगळ्यांसमोर घेऊन प्रार्थना करण्याइतकं माझं काळीज मोठं होतं. आईनंच तिला तसं सांगून ठेवलंय.

गेल्या रविवारी मला घरी सोडल्यावर ती दारातच थांबली. म्हणाली, “मावशी, आज आईची फार आठवण येतेय. आईसारखी प्रार्थना करा ना माझ्यासाठी.”

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? इतक्या वर्षांनी, त्या पोरीचा हात हातात असताना — आईसारखी? माझ्यासारखी का नाही?

मी डोळे मिटले. बरीच लांब प्रार्थना केली, वचनांसकट. लीला आमेन म्हणाली.