प्लॉटावरची पऱ्हाटी

आठवीनंतर मी शाळेत गेलो नाही. पुण्याकडे आलो, फरशी बसवायला शिकलो आणि आजही तेच करतो. फरशी बसली की हातोडीच्या दांड्यानं ठोकून पाहायची, पोकळ वाजली तर काढायची. ही सवय हातातून डोक्यात कधी गेली ते कळलं नाही. चांगली बसलेली गोष्टसुद्धा मी मनातल्या मनात ठोकत बसतो.

आमच्याकडे दिग्रसला प्लॉट घेतला आणि हे फारच वाढलं. गावाबाहेरचा लेआउट, भाऊजींच्या ओळखीतला. त्यांनी कागद दोनदा वकिलाला दाखवले, खरेदीच्या दिवशी स्वतःचं काम बुडवलं. त्यांचे उपकार आहेतच. पण पुण्यात मी दुसऱ्यांच्या घरात फरशी लावतो आणि भाड्याच्या खोलीत झोपतो. म्हातारपणी परत जायला तेवढी एकच जागा. ती गेली तर काहीच नाही, हा विचार जेवतानाही यायचा.

भाऊजी अधूनमधून मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचे. त्यात बघण्यासारखं काही नसायचं. कोपऱ्यांचे दगड, थोडं गवत, वाऱ्याचा आवाज. मी तो थांबवून थांबवून बघायचो.

एका फेब्रुवारीत व्हिडिओत पऱ्हाटीचा ढीग दिसला. कापूस वेचून झाला की वाळकी झाडं उपटून आमच्याकडे चुलीसाठी रचून ठेवतात, ती. रस्त्याकडच्या कोपऱ्यात, माणसाच्या उंचीचा ढीग. शेजारच्या घरातल्या मावशींचा.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या सोलापूरच्या मिस्त्रीला मी तो दाखवला. तो म्हणाला, "आधी काटक्या, मग गोठा, मग कोर्ट."

मी लगेच भाऊजींना फोन लावला. "तो ढीग उचलायले सांगा."

"अरे, पऱ्हाटीच तं हाय. तुह्या प्लॉटाचं काय जाते?"

"नाही, सांगाच तुम्ही."

त्यांनी सांगितलं. मावशींनी एका शब्दानं न भांडता ढीग आपल्या परसात नेला. मला काही दिवस चांगली झोप लागली.

पुढच्या व्हिडिओत प्लॉटावर तिरप्या चाकोऱ्या होत्या. मागच्या बाजूला घरं बांधायला निघाली होती आणि रेतीचे ट्रॅक्टर वळसा टाळून माझ्या जागेतून जात होते. कोपऱ्याचा दगड आडवा झाला होता. लोक बरीच वर्षं एका वाटेनं गेले की ती वहिवाट ठरते आणि मग मालकालाही अडवता येत नाही, हे मी कामावर ऐकलं होतं. कंपाउंड घालण्याची ऐपत नव्हती. रजा टाकून गाडीत बसलो.

मावशी अंगणात तुरी पाखडत होत्या. भाऊजींनी माझी ओळख करून दिली. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"हाच काय पुण्याचा मालक? काहून रे, पऱ्हाटी चावत होती तुले?"

"भेव वाटलं, मावशी. दूर राह्यतो न."

"अन् आता नाही वाटून राह्यलं?"

भाऊजी तोंड फिरवून हसले.

"थ्या कोपऱ्यावर मी कायले रचली होती?" मावशी म्हणाल्या. "ट्रॅक्टरवाले तिथूनच घुसतेत. माह्या भिंतीले घासतेत. चुलीचं जयतन माहं, आड तुह्या प्लॉटाले. तुलेच नको होती."

पुन्हा रचता का, असं मी विचारलं.

"मी नाही वाहत आता. पाहिजे तं तूच वाह्य."

दुपारभर भाऊजी आणि मी उरलेली पऱ्हाटी मोळ्या बांधून वाहिली. आधी दगड उभा करून ठोकून बसवला. मग ढीग. मी प्रत्येक मोळी सरळ रेषेत लावत होतो.

"अरे बाप्पा, चुलीत घालाची हाय थे," मावशी ओरडल्या. "लेव्हल काय पाह्यतं?"

चहा पिताना मी सारखा ढिगाकडे बघत होतो. विचारायचं होतं ते विचारवत नव्हतं. मावशींनीच ओळखलं.

"ढीग माहा राहीन तं जागाबी माही होईन, हेच भेव हाय न तुले?"

मी मान हलवली.

"मंग दरसाल रचायच्या आधी तुले विचारीन. तू नाही म्हटलं तं नाही. तुह्या भाऊजीसमोर सांगून राह्यली हे."

संध्याकाळी एक ट्रॅक्टर आला, ढिगापाशी थांबला, ड्रायव्हरनं आमच्याकडे बघून काहीतरी पुटपुटलं आणि मागे घेऊन रस्त्यानं गेला. मी रात्रीच्या बसनं परतलो.

यंदा मावशींचा फोन आला तेव्हा मी एका बाथरूममध्ये उकिडवा बसलो होतो.

"रचू काय रे?"

"रचा, मावशी." मग राहवलं नाही. "ट्रॅक्टर कुठून जाऊन राह्यले?"

"रस्त्यानं. अजून कुठून जातीन?"

फोन ठेवला आणि हातातली फरशी पुन्हा एकदा ठोकून पाहिली.