बॅग न उघडणारा प्लंबर

आमच्या बिल्डिंगच्या प्लंबरला सगळे 'आणिमग' म्हणतात. समोरचा बोलायचा थांबला की हा गृहस्थ मान हलवून तेवढंच विचारतो, "आणि मग?" सगळ्यांचं बोलून होईपर्यंत पान्याला हात लावत नाही. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे फुकट शिव्या खाणारा माणूस. मला असल्या संथ लोकांचा भयंकर राग येतो.

पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांच्या पलंगावर छतातून पाणी ठिबकायचं. वरच्या काकू म्हणायच्या, "आमच्याकडून थेंब नाही!" तीन प्लंबर येऊन गेले, पाइप ठणठणीत निघाले. मास्तर आणि काकू एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेवटी आणिमगला बोलावलं आणि काकूंच्या बाथरूमची फरशी फोडायची नोटीस खिशात घेऊनच मी त्याच्याबरोबर निघालो.

आणिमग आधी मास्तरांकडे बसला. चांगला अर्धा तास! गळतीवरून गाडी मास्तरांच्या गुडघ्यांवर आली, तिथून परदेशातल्या मुलावर. मी घड्याळ बघून बघून थकलो. शेवटी मास्तर म्हणाले, "गळतं ते सकाळीच. काकू दुधाला गेल्या की."

वर काकूंनी दारातच तोफ डागली. मास्तर असे, सेक्रेटरी तसा. माझं सगळं खानदान निघालं.

"आणि मग?" स्टुलावर बसत आणिमग म्हणाला.

तोफ थंडावली. काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काका कंगवा शोधत होते, कंगवा हातातच होता.

"हे नळ सोडतात आणि विसरतात," त्या हळूच म्हणाल्या. "हल्ली बरंच विसरतात. कळलं तर लोक म्हणतील, यांना कुठेतरी नेऊन ठेवा. मी नाही ठेवणार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नोटीस मी खिशातच चुरगळली.

काकूंना विचारून आणिमगने मास्तरांच्या कानावर घातलं. मास्तर खवळले. "मला सांगायचं नाही का आधी?" आणि उपायही त्यांनीच काढला. वर पाणी वाहत राहिलं की ते चमच्याने पाइपवर दोन ठोके देतात, काका नळ बंद करतात. आणिमगने त्या दिवशी बॅग उघडलीच नाही.

काल छताच्या रंगाचं बघायला मास्तरांकडे गेलो होतो. काकू दुधाला गेलेल्या, नळ बंद. तरी वरून पाइपवर दोन ठोके आले.

मास्तर गुडघे विसरून उठले, चमच्याने उलट दोन ठोके दिले आणि मला म्हणाले, "आज त्यांना माझी आठवण झाली."