बॉनेटवरचा हात

जुनी अँबॅसिडर घ्यायची आहे असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा नवऱ्याने दोन प्रश्न विचारले. ठेवणार कुठे? आणि कशाला? पहिल्याचं उत्तर मी लगेच दिलं, आंब्याखाली, तुझी बंद स्कूटर जिथे उगाच जागा अडवून बसलीय तिथे. दुसऱ्याचं दिलं नाही. मी तोंडाची फटकळ आहे, आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा, पण हे एवढं मला तोंडाने सांगता येईना.

गाडी बाबांसाठी हवी होती. बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून माझ्याकडे असतात आणि त्यांना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. हे म्हातारपणाचं नाही. ते कापड मिलमध्ये विव्हिंग मास्टर होते. एका छपराखाली शेकडो लूम दिवसभर खडखडायचे, त्यात पंचवीस-तीस वर्षं काढली. चाळिशीतच कान गेले. त्या खात्यात कुणी आवाजाने बोलायचंच नाही, बोलून उपयोग काय? नुसते ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या, पलीकडच्याला बरोबर कळायचं. आईनेही ते बोलणं लग्नानंतर उचललं. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा पाहुणा चक्रावून जायचा. नवरा-बायको समोरासमोर बसून तोंडं हलवतायत, आवाज शून्य, आणि मध्येच दोघं खो खो हसतायत.

अशीच एक अँबॅसिडर पूर्वी आमच्याकडे होती, ती बाबांनी महूच्या एका रिटायर्ड मेजरसाहेबांकडून घेतली होती. दुधाळ रंगाची, स्टिअरिंगला गियर असलेली, पुढे अख्खा सोफा. मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीत ती शिरली की दोन्हीकडच्या ओट्यांवरची माणसं मुकाट पाय वर घ्यायची. बहिरा माणूस गाडी कशी चालवत असेल असं आता कुणीही विचारेल. पण तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण बाबा आणि आई मिळून ती चालवायचे.

म्हणजे असं. निघण्याआधी बाबा चावी फिरवायचे, खाली उतरायचे, पुढे जाऊन बॉनेटवर उजवा तळहात ठेवायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. मग मान हलवून म्हणायचे, "बोलतेय." त्यांच्या त्या मोठ्या, बेसूर आवाजात. हाताखाली इंजिन नीट थरथरत नसलं तर म्हणायचे, "आज तक्रार आहे," आणि खरंच काहीतरी निघायचं, प्लग तरी, नाहीतर तेल तरी. गियर टाकतानाही त्यांना हातालाच कळायचं. मागून कुणी हॉर्न मारला की शेजारी बसलेली आई त्यांच्या डाव्या मांडीवर एक थाप द्यायची. एक थाप म्हणजे साइड दे. दोन थापा म्हणजे थांब. बस, एवढंच. आई मागे बघायची, बाबा पुढे बघायचे, आणि आम्ही दोघी बहिणी मागच्या सीटवर भांडत उज्जैनपर्यंत जाऊन यायचो. त्या गाडीला कधी ओरखडा आला नाही.

मग मिल बंद पडली. एकामागोमाग एक सगळ्याच पडत होत्या, तेव्हा आमचीच राहील असं वाटण्याचं कारण नव्हतं, तरी वाटत होतं. बाबा पन्नाशीचे होते. पहिले काही महिने ते शिफ्टच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि खाली जाऊन गाडी पुसायचे. पुसून झाली की चालू करायचे आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहायचे. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. शेजारचे काका वरून ओरडायचे, "काय भिया, पेट्रोल फुकट आलंय का?" बाबांना अर्थातच ऐकू यायचं नाही. मला यायचं, आणि मला लाज वाटायची. आयुष्यभर हाताखाली लूम थरथरलेल्या माणसाकडे आता थरथरणारं एवढं एकच उरलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

मला तेव्हा नुकती नोकरी लागली होती. एका प्रायव्हेट कंपनीत, कॉम्प्युटरसमोर बसायची, एसी ऑफिसातली. शहरात रोज नवीन काहीतरी येत होतं, नवे चॅनल, नवी शोरूम, नव्या गाड्या. त्या छोट्या, गुळगुळीत, आवाज न करणाऱ्या गाड्या बघून मी वेडी झाले होते. कर्ज काढलं, नवी गाडी बुक केली आणि आपली अँबॅसिडर एका भंगारवाल्यासारख्या दिसणाऱ्या दलालाला देऊन टाकली. बाबांना विचारलं? विचारलं ना. म्हणजे सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्या मनासारखं कर." शोरूमचा पोरगा अगदी कौतुकाने म्हणाला होता, "मॅडम, इंजन चालू है कि बंद, पता ही नहीं चलता।" आणि मी ते घरी येऊन बाबांना ओठांनी, खुणांनी, रंगवून रंगवून सांगितलं. बहिऱ्या माणसाला, ज्याला हाताने ऐकू यायचं, त्याला मी हाताला न कळणारी गाडी आणून दिली. इतकी अक्कल मला होती.

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "बोलतेय" म्हणाले नाहीत. मान हलवली आणि आत बसले.

त्यांना गाडी चालू झालीय की नाही हे कळायचंच नाही. मग ते चालू इंजिनावर पुन्हा चावी फिरवायचे आणि आतून कर्रर्र असा दात घासल्यासारखा आवाज यायचा. तो आवाज गल्लीला ऐकू जायचा, त्यांना नाही. आई पटकन हात धरायची. असं दोनदा झालं, चारदा झालं. आणि मग एका लग्नातून निघताना झालं. कार्यालयाच्या दारात सगळे उभे, मावश्या, आत्या, व्याही मंडळी. बाबांनी चावी फिरवली, गाडी चालू झाली, त्यांनी परत फिरवली. कर्रर्र. लोक वळून बघायला लागले. त्यांनी पुन्हा फिरवली. मी मागच्या दाराशी उभी होते, पुढे झाले, खिडकीतून डोकं घातलं आणि किंचाळले, "बाबा! चालू आहे ती! चालू आहे! किती वेळा सांगायचं तुम्हाला!"

कुणीतरी हसलं. मग दोन-तीन जण हसले, वाईट मनाने नाही, आपलं लग्नघरातलं हसणं.

बाबांनी इंजिन बंद केलं. चावी काढली, उतरले, माझ्या हातात ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. घरी आल्यावर आई मला एवढंच म्हणाली, "त्यांना ओठ दिसतात गं. आवाज कोणासाठी काढलास?" त्यानंतर बाबांनी कधीही गाडी चालवली नाही. आम्ही आग्रह केला की हसून म्हणायचे, "तू चांगली चालवतेस." मी खरंच चांगली चालवते. पुढे गाड्या बदलल्या, नोकऱ्या बदलल्या, आई गेली. पण ती चावी तळहातावर पडल्याचं मला अजून जाणवतं, आणि अजून स्वतःचा राग येतो.

म्हणून अँबॅसिडर. मोबाइलवर जाहिराती बघायला लागले. आपल्याला काही हौशी लोकांसारखी चकचकीत, प्रदर्शनात ठेवायची गाडी नको होती. परवडणारी, चालणारी, थरथरणारी हवी होती. एक सिमरोलला बघितली, मालक तिच्यात लसणाची पोती ठेवत होता आणि आत बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं ते लसणामुळेच. एक मल्हारगंजात, आमच्या जुन्या गल्लीपासून चार घरांवर, पण तिला इंजिनच नव्हतं. आमचीच कुठेतरी भेटेल अशी वेडी आशाही होती, ती सोडून दिली. शेवटी पोलोग्राउंडला एका मिस्त्रीच्या शेडमध्ये भेटली. रंग तोच दुधाळ, जरा पिवळा पडलेला. मिस्त्री म्हणाला, "दीदी, बॉडी मत देखो, इंजन मक्खन है।" मी बॉनेटवर हात ठेवला. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मी तिथेच उभी राहून रडले, मिस्त्रीने बिचाऱ्याने पाण्याची बाटली आणून दिली.

दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊन गेले. कुठे ते सांगितलं नाही, तरी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. खरं तर सकाळीच मी त्यांच्यावर चिडले होते. हल्ली त्यांच्या हातातून कप निसटतो, महिन्याभरात तीन फुटले, आणि मी म्हणाले होते, "लक्ष कुठे असतं हो तुमचं?" आवाजाने. सवय जात नाही.

शेडच्या दारात त्यांनी गाडी बघितली आणि थांबले. "अरे!" असं एवढ्या मोठ्याने म्हणाले की पलीकडच्या वेल्डिंगवाल्याने वर बघितलं. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, झालं, फिटलं, मी ते लग्न पुसून टाकलं. मिस्त्रीने आत बसून गाडी चालू केली. बाबा काठी माझ्याकडे देऊन पुढे गेले, उजवा तळहात बॉनेटवर टेकवला, डोळे मिटले.

मी "बोलतेय"ची वाट बघत होते. ते डोळे मिटून उभे होते. मग त्यांनी हात उचलला, जरा सरकवून दुसरीकडे ठेवला. परत उचलला. डोळे उघडले, माझ्याकडे वळले आणि आवाज न काढता ओठांनीच म्हणाले, "चालू करायला सांग ना."

गाडी चालू होती. भरपूर चालू होती, तिचा टपही हलत होता. आणि त्या क्षणी मला ते तीन कप कळले. डॉक्टर दर वेळी बाबांच्या शुगरबद्दल बोलताना बोटांची जाण, बोटांची जाण म्हणत होते आणि मी ती पायांचीच बोटं समजत होते. कान मिलने नेले होते. आता हातही गेले होते. मला उशीर झाला होता.

मिस्त्री खिडकीतून म्हणाला, "बाबूजी, चालू तो..." मी हात वर केला. "भैया, बंद कर दो। प्लीज।" त्याने माझ्याकडे बघितलं आणि बंद केली.

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले, त्यांना माझे ओठ नीट दिसतील अशी. आवाज काढला नाही. मी म्हणाले, "होत नाहीये चालू. बॅटरी बसलीय."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. गाडीतच खोट होती तर! त्यांनी बॉनेट थोपटलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात मला समजावलं, "जुनी आहे गं. ओरडू नकोस मिस्त्रीवर. घेऊन टाक, मी बघतो."

घेतली. आंब्याखाली उभी आहे. रोज सकाळी बाबा ती पुसतात आणि मला बॅटरीची आठवण करतात, मी हओ, आणते म्हणते. मग ते स्टिअरिंगवर बसतात आणि मी त्यांच्या डावीकडे, आईच्या जागेवर. चावी माझ्या पर्समध्ये असते, ती ते मागत नाहीत. समोर कुंपणाची भिंत आहे, तिकडे ते अगदी लक्ष देऊन बघतात. मांडीला अजून कळतं. मी एक थाप देते. बाबा स्टिअरिंग जेवढं फिरतं तेवढं डावीकडे घेतात आणि मागच्याला साइड देतात.